आईचं नाव विचारणारे पौलस मास्तर

पौलस मास्तर पहिल्यांदा तुरुंगाच्या फाटकाशी आले तेव्हा मी त्यांना आत सोडलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला मी फार सज्जन वाटायला नको.

मी तेव्हा नांदेडच्या तुरुंगात कारकून होतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, कैद्यांचे कागद, कोर्टाच्या तारखांचं रजिस्टर हे माझं काम. एका रविवारी दुपारी चर्चची माणसं आली. पुढे पाळक, मागे तीन बाया, एकाच्या डोक्यावर बाजाची पेटी, आणि सगळ्यांच्या मागे गळ्यात शिंप्याची टेप लटकवलेला एक काळासावळा, बुटका गृहस्थ. मशीनवरून उठून तसाच आल्यासारखा. कैद्यांसाठी प्रार्थना घ्यायला साहेबांनी परवानगी दिली होती, पण कागदावर नावं पाच आणि माणसं सहा. सहावे पौलस मास्तर. मी म्हटलं, "नाव नाही, सोडता येणार नाही." त्यांनी वाद घातला नाही. "हाव, बराबर हाय," म्हणाले आणि बाहेर लिंबाखाली दीड तास उभे राहिले. मंडळी परत निघाली तेव्हा माझ्या खिडकीशी आले.

"साहेब, तुमच्या आईचं नाव काय?"

मला वाटलं, वर तक्रार करायचा विचार आहे. "कशाला?" मी गुरकावलो.

"काय न्हाई. वळख राहावी म्हनून."

मी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी कागदावर त्यांचं नाव होतं. तेव्हाही विचारलं, त्याच्या पुढच्या रविवारीही विचारलं. चौथ्या वेळी मी कंटाळून सांगून टाकलं, "सरस्वती." तेव्हापासून मास्तरांच्या लेखी मी 'सरस्वतीबाईंचा दत्ताभाऊ' झालो तो कायमचा. माझं आडनाव त्यांना कधी ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही.

त्यांची ती पद्धतच होती. जुन्या मोंढ्यामागे त्यांचं शिवणाचं दुकान होतं, दुकान कसलं, एक मशीन आणि एक खुंटी. तिथे येणारं गिऱ्हाईक असो की तुरुंगातला कैदी, मास्तर तीन गोष्टी विचारत. नाव, गाव आणि आईचं नाव. आडनाव विचारायचं नाही आणि काय गुन्हा केला ते तर मुळीच विचारायचं नाही. कुणी आपणहून सांगायला लागला तर ते हात वर करत. "ते वरच्याला सांग बाबा. मला काय कळतंय त्यातलं?"

आडनावाचं कारण मी एकदा खोदून काढलं होतं. म्हणाले, "आडनाव सांगितलं की समोरचा मानूस आपल्याला अर्धाच ऐकतो, दत्ताभाऊ. बाकीचं त्याला आधीच ठाऊक असतंय." शाळेत असताना गुरुजींनी सगळ्या पोरांना आडनाव विचारलं होतं आणि त्यानंतर मास्तरांची बसायची जागा बदलली होती, एवढंच ते बोलले. मी माझ्या आडनावाचा विचार करू लागलो. ते विचारलं की मला कायम पुढची जागा मिळत आली होती.

सुरुवातीला आम्हा कचेरीतल्या लोकांची एकच खात्री होती की ही मंडळी कैद्यांना बाटवायला येतात. मी तर तोंडावर बोललो. मास्तर व्हरांड्यातल्या बाकावर बसून कुणाच्या तरी सदऱ्याला काज करत होते. मान वर न करता म्हणाले, "बाटवायला पाळकसाहेब हायत ना. मी तर गुंड्या लावून राहिलोय."

ते खरंच होतं. आत सुई-कात्री न्यायला बंदी, म्हणून त्यांनी साहेबांकडून वेगळीच सवलत मागून घेतली होती. ज्या कैद्याची आठवड्यात कोर्टाची तारीख असेल त्याचा सदरा शिपायानं बाहेर आणून द्यायचा, मास्तरांनी माझ्या व्हरांड्यात बसून नीट करायचा आणि परत आत पाठवायचा. तपकिरीच्या रिकाम्या डबीत त्यांच्या गुंड्या असत, पांढऱ्या, करड्या, एखादी लाल. मी विचारलं, "मास्तर, गुंडी लावली म्हणून जज सोडणार आहे का?" तर म्हणाले, "सोडू दे न्हाई तर न सोडू दे. पर छातीवरची गुंडी तुटली की मानसाला सदरा एका हातानं धरावा लागतोय. मग दोन हात जोडंल कसा?" त्यानंतर मी कोर्टात जाणाऱ्या कैद्यांच्या छातीकडे बघू लागलो. त्याआधी कागदाकडेच बघायचो.

चर्चच्या मंडळींचा उत्साह हळूहळू ओसरला. एका बाईचे गुडघे दुखू लागले, पेटीवाल्याची बदली झाली, पाळकांना खेड्यापाड्यांतल्या उपासना होत्या. वर्षभरात रविवारी येणारे एकटे मास्तर राहिले. एकट्यानं बेसूर आवाजात गीत म्हणायचे. कैदी हसायचे, मग चार जण बरोबर म्हणायचे. चहा आला की अर्धा बशीत ओतून शिपायाला द्यायचे आणि उरलेला थंड झाला की प्यायचे.

एका गोष्टीचा मात्र त्यांना गर्व होता, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतरचं सगळं त्या गर्वातून झालं असं ते स्वतःच म्हणत. त्यांना त्यांच्या स्मरणशक्तीचा गर्व होता. वही नाही, कागद नाही. दोनशे माणसांची नावं, गावं, आया त्यांना तोंडपाठ असत. "देवणीचा शेषेराव, पारूबाईचा. किनवटचा भीमराव, लक्ष्मीबाईचा," असं ते आत शिरता शिरता हाका मारत, आणि आपल्या आईचं नाव कानावर पडलं की मिशीवाली दांडगी माणसं लहान होऊन जाळीपाशी येत.

अशा हाकेला येणाऱ्यांत एक ज्ञानोबा होता, गंगाबाईचा. किल्लारीच्या बाजूचा. लातूरकडे जागा नव्हती म्हणून तिकडचे सात-आठ कच्चे कैदी आमच्याकडे ठेवले होते, त्यांतला. अबोल आणि अंगानं मजबूत. बायको बाळंतपणात गेलेली, घरी म्हातारी आई आणि एक लेक. गुन्हा काय तो माझ्या रजिस्टरमध्ये होता. मास्तरांनी तो कधी विचारला नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही. लेकीबद्दल मात्र मास्तर दर रविवारी विचारत, आणि तो एका शब्दात सांगे. "माई," तो म्हणे. "माईच म्हनतो आमी तिला."

मग गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भूकंप झाला. नांदेडलाही भांडी पडली, लोक रस्त्यावर आले. दुपारपर्यंत रेडिओवर गावांची नावं येऊ लागली. त्या सात-आठ जणांना आम्ही कचेरीत बोलावून रेडिओजवळ बसवलं. त्यांच्यातला एक आपलं गाव ऐकून उठून उभा राहिला आणि परत बसला, एवढंच मला आठवतं. कुणी रडलं नाही. तिकडच्या वाटा बंद, तारा तुटलेल्या, कुणाला विचारायचं आणि कसं? आमचे साहेब कागदावर कागद पाठवत होते, पण तिकडे प्रेतं जाळायला लाकडं पुरत नव्हती तिथे कैद्याच्या नातेवाइकांची चौकशी कोण करणार?

पंधरा-वीस दिवसांनी चर्चची चादरी-भांड्यांची लॉरी तिकडे निघाली तेव्हा मास्तर तिच्यात बसले. सगळ्यांची नावं, गावं आणि आया पाठ करून गेले. मी म्हटलं, "थांबा, रजिस्टरमधून पूर्ण नावं उतरवून देतो." ते हसले. "असू द्या दत्ताभाऊ, हितं हायत," म्हणाले आणि कपाळावर बोट ठेवलं. मी काही आग्रह धरला नाही. मलाही उठून रजिस्टर काढायचा कंटाळाच होता.

पाच दिवसांनी परत आले ते ओळखू येईनात. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. चौघांच्या घरचं कुणीच सापडलं नव्हतं, दोघांच्या घरचे सगळे गेले होते. ते त्यांनी एकेकाला जाळीपाशी बोलावून सांगितलं. शेवटी ज्ञानोबाला हाक मारली, आणि मी खिडकीतून पाहिलं, मास्तरांचा चेहरा उजळला होता.

"माय जिती हाय तुझी. माई बी हाय. पत्र्याच्या शेडात हायत दोगी. मी सोता बगितलंय."

ज्ञानोबानं जाळी धरली. मग तो खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मास्तर म्हणाले, "पुरावा पायजे का तुला? हे बग." आणि त्यांनी माप सांगितलं. पोरीला उभं करून त्यांनी टेप लावली होती. उंची चाळीस इंच, छाती बावीस. ज्ञानोबा उठला, स्वतःच्या कमरेशी हात धरून बघितला. "एवडी झाली?" म्हणाला. "मी आलो तवा गुडग्याएवडी हुती."

मग ठरलं की दिवाळीला माईला फ्रॉक करायचा. रंग बापानं सांगायचा. ज्ञानोबानं तीन रविवार विचार केला. कधी हिरवा म्हणे, कधी लाल. बराकीतले सगळे त्या विचारात पडले. मी अतिशयोक्ती करत नाही, आमचा एक हवालदार सुद्धा म्हणाला की लाल लवकर मळत नाही. शेवटी ज्ञानोबा पिवळा म्हणाला. मास्तरांनी पिवळ्या छिटेचा फ्रॉक शिवला, गळ्याला झालर लावली, शिपायानं तो आत नेऊन जाळीमागे धरून दाखवला आणि दिवाळीच्या आधी चर्चच्या लॉरीनं तो रवाना झाला. ज्ञानोबा बोलू लागला होता. स्वयंपाकघरातलं काम मागून घेतलं त्यानं. नाताळच्या सुट्टीत मास्तर म्हातारीला आणि पोरीला एसटीनं मुलाखतीला आणणार होते, आणि ज्ञानोबा भिंतीवर खडूनं रेघा मारत होता.

नाताळ तीन आठवड्यांवर असताना तहसीलचा एक लखोटा माझ्या टेबलावर आला. मयतांची यादी पक्की करायची होती, जवळच्या नातेवाइकाची सही हवी होती. ज्ञानोबाचं पूर्ण नाव, आडनावासकट. खाली दोन नावं. गंगाबाई, वय साठ. कुमारी सुरेखा ऊर्फ माई, वय पाच. दोघीही पहिल्याच दिवशी ढिगाऱ्यातून काढलेल्या, पंचनामा झालेला, ओळख पटवणाऱ्या शेजाऱ्याचा अंगठा.

मी तो कागद तीनदा वाचला आणि खणात टाकला. बुधवार होता. नियमानं मी तो साहेबांपुढे ठेवायला हवा होता आणि साहेबांनी कैद्याला बोलावून सांगायला हवं होतं. मी रविवारपर्यंत थांबलो. स्वतःला सांगितलं की मास्तरांना आधी विचारावं, तहसीलवाल्यांचीच चूक असेल. खरं कारण असं की मला ज्ञानोबापुढे उभं राहायचं नव्हतं.

रविवारी मास्तर बाकावर बसले आणि मी लखोटा पुढे केला. त्यांनी वाचला. डबी उघडली, बंद केली. मग म्हणाले, "तिथं दुसरा ज्ञानोबा असंल का हो?"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून ते परत तिकडे गेले. गावात ज्ञानोबा तीन होते. मास्तरांना शेडमध्ये भेटलेल्या म्हातारीचा ज्ञानोबा हैदराबादला गवंडीकामाला होता. इतकं सगळं जुळलं कसं, असं मलाही वाटलं होतं. ते जुळलेलं नव्हतं, मास्तरांनी जुळवलं होतं. घरातला माणूस तुरुंगात आहे हे चारचौघांत कुणाला बोलू द्यायचं नाही, ही त्यांची दुसरी रीत. म्हणून त्यांनी विचारलं होतं, "ज्ञानोबा भायेरगावी हाय न्हवं?" म्हातारी म्हणाली, हाव. "गंगाबाई न्हवं तुमी?" हाव. "अन ही माई का?" हाव. तिच्या घरातली पाच माणसं गेली होती. येईल त्या माणसाला ती हाव म्हणत होती, कारण हाव म्हटलं की कुणी चादर देई, कुणी भाकरी देई. तिचं नाव गंगाबाई नव्हतंच. माझ्याकडून आडनाव तेवढं नेलं असतं आणि विचारलं असतं तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता.

"पाच दिवस नुसते मढे मोजलेले ऐकत हुतो," मास्तर मला म्हणाले. "एक तरी जितं सापडावं वाटलं. मीच तिच्या तोंडात घातलं, दत्ताभाऊ. मीच."

साहेब म्हणाले, आम्ही सांगतो. पाळक म्हणाले, मी येतो. मास्तरांनी दोघांनाही नको म्हटलं. त्यांनी टेप गळ्यातून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि आत गेले. मी जाळीपासून दहा पावलांवर होतो, सहीसाठी कागद हातात घेऊन. मास्तर बसलेही नाहीत. हात जोडून उभं राहून जसं झालं तसं सगळं सांगितलं. ज्ञानोबानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"मग माप कुनाचं सांगितलं मला?"

ज्ञानोबानं माझ्या हातातला कागद घेतला, सही केली, आणि पाठ फिरवून बराकीत गेला.

त्यानंतर दर रविवारी मास्तर हाक मारत, "ज्ञानोबा, गंगाबाईचा," आणि ज्ञानोबा येत नसे. कधी समोर सापडलाच तर मास्तर म्हणत, "ज्ञानोबा, माझी चूक झाली, मला माफ कर." तो भिंतीकडे तोंड करून उभा राही. पुढे त्याला शिक्षा लागली आणि औरंगाबादच्या मोठ्या तुरुंगात पाठवलं. मास्तर दर नाताळात एसटीनं औरंगाबादला जात. मुलाखतीचा अर्ज देत. आतून निरोप येई, भेटायचं नाही. चिठ्ठीत तेच वाक्य लिहून ठेवून ते परत येत. पाळकांनी एकदा समजावलं की देवानं केव्हाच माफ केलंय. मास्तर म्हणाले, "देवाचं मला ठावं हाय. ज्ञानोबानं न्हाई ना केलं." दर रविवारी कैद्यांपुढे क्षमेवर बोलणारा हा माणूस, पण हळूहळू त्यानं त्या विषयावर बोलायचंच सोडून दिलं.

आणि त्यांनी वही केली. रेघा मारलेली शाळकरी वही. नाव, गाव, आईचं नाव, आणि चौथ्या रकान्यात आडनाव. एका रविवारी नव्यानं आलेल्या एका तरण्या कैद्याला त्यांनी ते विचारलं. पोरगा ताठ झाला. म्हणाला, "आडनाव कशाला पायजे? कोनत्या ताटात जेवायचं ते ठरवायला का?" मास्तरांचा चेहरा मी पाहिला. पन्नास वर्षांपूर्वी आपली जागा बदलली गेलेला पोरगाच त्यांच्यासमोर बसला होता, आणि विचारणारे गुरुजी ते स्वतः होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. तरी पुढच्या माणसाला विचारलंच. विचारताना आवाज इतका बारीक होई की कैद्यांना परत विचारायला लागायचं, काय म्हणालात म्हणून. मला फार वाईट वाटायचं. चांगला माणूस आपल्या चुकीपायी आपली चांगली सवय मोडताना बघवत नाही.

पुढे माझी लातूरला बदली झाली आणि तिथेच निवृत्त झालो. काही वर्षांनी मास्तरही लातूरला आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं. मशीन विकून लेकीकडे राहायला आले. तोवर लातूर बदलून गेलं होतं. मास्तरांच्या लेकीच्या गल्लीत पूर्वी सहा घरं होती, आता क्लास आणि वसतिगृहं. भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो, मुरुडपासून किनवटपर्यंतची मुलं पाठीला दप्तरं लावून एका क्लासमधून दुसऱ्यात धावणारी. मी संध्याकाळी मास्तरांना हात धरून फिरवायचो. एखाद्या मुलाचा धक्का लागला की ते म्हणत, "सांभाळ रे बाबा, आईचं नाव काय तुझं?" पोरगं घाबरून पळून जाई. कुणाला वेळ होता?

त्या वर्षी माझा भाचा बारावीला लातुरात आला. त्याची जेवणाची सोय बघायला मी एका खानावळीत गेलो. चारशे पोरं दोन पाळ्यांत जेवत. मागच्या बाजूला मोठ्या पातेल्यात एक माणूस उलथनं फिरवत होता. केस पांढरे झालेले, पण खांदे तेच. तुरुंगाच्या स्वयंपाकघरात शिकलेला हात चारशेंच्या भाताला डगमगत नव्हता. पोरं त्याला मामा म्हणत होती. माझ्याकडे त्यानं एकदा पाहिलं, ओळखलं, आणि भाताकडे वळला. मी काही बोललो नाही. त्याचा मालक गल्ल्यावर बसला होता, आणि मास्तरांच्या संगतीत मी एवढं तरी शिकलो होतो.

मास्तरांना सांगावं की नाही यात माझा आठवडा गेला. मग खणात ठेवलेला तो लखोटा आठवला आणि मी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. ते लगेच चप्पल शोधू लागले.

दुपारी साडेतीनला खानावळ रिकामी असते. मालक घरी जेवायला गेलेला. ज्ञानोबा मागच्या ओट्यावर लसणाची पाटी घेऊन बसला होता. मी मास्तरांना त्याच्यासमोर उभं केलं आणि बाजूला झालो.

"ज्ञानोबा, मी पौलस."

"वळखलं."

"बाबा, आता माझं काय खरं न्हाई. माझी चूक..."

"थांबा," ज्ञानोबा म्हणाला. त्यानं हातातला लसूण खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "दर येळंला तेच. नांदेडला तेच, औरंगाबादला तेच, चिट्टीत बी तेच. चूक झाली, चूक झाली. म्हंजे माई मेली, माई मेली. दर साली तेवडंच सांगायला येत हुता तुमी मला."

मास्तरांचे हात जोडलेलेच राहिले.

"मी तिला मेलेली बगितली न्हाई, मास्तर. मला तिचं मढं ठावं न्हाई. मी बगितली ती पिवळा फराक घातलेली. बराकीत पडून दोन म्हैने बगत हुतो. पळती काय, आजीला तरास देती काय. समद्यांची लेकरं त्याच दिशी गेली. माझी दिवाळीच्या पल्याड जगली. ते दोन म्हैने तुमी दिलते मला. अन माफी मागून मागून तेच परत मागून राहिलाव. मी कशाला दिऊ?"

अकरा-बारा वर्षं मास्तर ज्या दारात उभे होते ते दार कुणी त्यांच्यावर चिडून बंद केलेलं नव्हतं. आत त्या पोरीला जपून ठेवलं होतं. हे त्यांच्या ध्यानात आलं तसे ते चाचपत ओट्यावर बसले.

"मग मी काय करू?" मास्तरांनी विचारलं.

ज्ञानोबानं लसणाची पाटी दोघांच्या मध्ये सरकवली. "सोला," म्हणाला.

त्यानंतर दर रविवारी चर्च सुटलं की मास्तर तिथे जात. लेक वैतागे, बाप खानावळीत लसूण सोलतो हे तिला लोकांना सांगता येईना. मी दोन-तीनदा सोडायला गेलो, पण ओट्यावर तिसऱ्याचं काही काम नसे. मास्तर पुढच्या उन्हाळ्यात गेले. अंत्यविधीला मंडळी बरीच होती, तुरुंगातून सुटलेले पाच-सहा जण होते, ज्ञानोबा दिसला नाही. दुपारची पाळी होती, पोरं उपाशी ठेवता येत नाहीत.

मला मात्र मास्तर आठवतात ते त्याआधीचे, फेब्रुवारीतल्या एका रविवारचे. भाच्याची परीक्षा जवळ आली होती, त्याचा डबा बंद करायचं सांगायला मी खानावळीत गेलो होतो. मागच्या दारातून बघितलं तर दोघं ओट्यावर बसलेले. मास्तरांना दिसत नव्हतं, ते बोटांनी चाचपून सोलत होते आणि निम्मी सालं पाटीत परत टाकत होते. ज्ञानोबा ती मुकाट्यानं वेचून काढत होता. मी आल्याचं कुणालाच कळलं नाही.

"माई यंदा कितवीला असती रं?" मास्तरांनी विचारलं.

ज्ञानोबानं मनातल्या मनात हिशेब केला. "बारावी. पर सायन्स घिऊ दिलं नसतं म्या. लई तरास हाय ह्या पोरास्नी, रोज बगतो की मी."

"तिनं ऐकलं नसतं तुझं."

"न्हाई तर न्हाई," ज्ञानोबा म्हणाला, आणि त्यानं मास्तरांच्या पुढ्यात आणखी मूठभर लसूण टाकला.